रिकाम्या टाकीला खाणं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर २०२५

महादेवमामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही, म्हणून हे मोठ्या अक्षरातलं पत्र. भाचीला काम पडलं की मामा आठवतो, असं म्हणाल. म्हणा.

माझ्या दुसरीच्या वर्गाला एका पालकांनी माशांची टाकी भेट दिली आहे. अगदी लहान, टेबलावर मावेल एवढी. सोबत फिल्टर आहे, खाली पसरायला रंगीत खडे आहेत. येत्या मंगळवारी संस्थेची माणसं शाळा बघायला येणार आहेत आणि मोठ्या बाईंनी प्रत्येक वर्गाला काहीतरी वेगळं करून ठेवायला सांगितलंय. तिसरीच्या बाई भिंतीवर झाड रंगवतायत. मी म्हटलं, आमच्याकडे मासे.

तुमच्या पडवीत एवढ्या टाक्या आहेत. मासे आणण्याआधी काय काय करायचं ते लिहून पाठवा. जमेल तितक्या लवकर.

मुलं तर आत्तापासून माशांची नावं ठरवतायत. तुमच्या गावच्या भामाआजींची नात मनस्वी माझ्याच वर्गात आहे. वर्षभरात चार वाक्यं बोलली नसेल, पण परवा जवळ येऊन विचारलं, "बाई, मासे झोपताना डोळे मिटतात का?" मला उत्तर येत नव्हतं. तेही कळवा.

तुमची,
किशोरी


आपटा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. किशोरी,

पत्र काल मिळालं. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे ते डोळे उघडे ठेवूनच झोपतात. पोरीला सांग, प्रश्न चांगला होता.

आता टाकीचं. टाकी साबणाने धुवू नको. साबण कितीही धुतला तरी काचेला राहतो आणि मासा त्याने मरतो. साध्या पाण्याने आणि स्वच्छ फडक्याने पुसून घे. खडे बादलीत घेऊन, तांदूळ धुतो तसे, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धू. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नको, शेवाळ धरतं. टेबल डुगडुगणारं नको. पाणी भरलं की ती उचलायची नसते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला ते चालतं, माशाचे कल्ले त्याने भाजतात. तेव्हा पाणी निदान एक दिवस उघड्या बादलीत ठेव, किंवा दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं ते घाल. हे झालं सोपं.

अवघड पुढे आहे. स्वच्छ दिसणारं पाणी माशासाठी तयार असतंच असं नाही. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया सुटतो, आणि तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वाढतात, ते हा अमोनिया संपवतात. पण ते वाढायला चार-पाच आठवडे लागतात. रसायनीच्या कंपनीत मी उभा जन्म पाणी तपासण्यात घालवला, तेव्हा माझं ऐक. मंगळवार विसर. तुझ्या पाहुण्यांना टाकी नुसती पाण्याची दाखव आणि सांग की मासे जानेवारीत येतील. टाकी भरलीस की कळव. ते जीवाणू कसे वाढवायचे ते मग लिहितो.

मामाचे आशीर्वाद


खांदा कॉलनी
२२ नोव्हेंबर २०२५

महादेवमामा,

तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. उशीर झाला हो. मासे मंगळवारीच आणले होते आणि बुधवारी सकाळी सगळे मेले.

सहा गप्पी होते. पाहुण्यांना टाकी फार आवडली. मुलांनी गाणं म्हटलं, फोटो झाले, मोठ्या बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्ग उघडला तर सगळे वर तरंगत होते.

पाणी मी दोन दिवस आधीच भरून ठेवलं होतं. झालं असं की खाणं जास्त पडलं. मनस्वीच्या हातात डबी दिली होती, तिने जरा जास्तच टाकलं. लहान आहे, तिला काय कळणार. मी तिला काही बोलले नाही.

टाकी रिकामी करून कोपऱ्यात ठेवलीय. मुलं दोन दिवस गप्प होती, आता विसरली. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याचा उपयोग झाला नाही याचं वाईट वाटतं. आईला हे कळवू नका, ती उगाच मासे-मासे करत बसेल.

किशोरी


आपटा
२७ नोव्हेंबर २०२५

चि. किशोरी,

वाईट झालं. गप्पी चिवट असतो. एका वेळच्या जास्त खाण्याने सहाच्या सहा रात्रीत जावेत याचं मला नवल वाटलं. पण पाणी तू दोन दिवस ठेवून मुरवलं होतंस म्हणतेस, तर दुसरं कारण दिसत नाही. पुढच्या वेळी डबी कपाटात ठेव आणि त्या पोरीला टाकीपासून जरा लांबच ठेव.

भामा काल दूध घालायला आली होती तेव्हा तिला म्हणालो, "तुझ्या नातीने शाळेतले मासे खाऊ घालून मारले की गं." मी हसतच म्हणालो. ती काही हसली नाही. बाईंना पैसे भरून द्यायचे का विचारत होती. मी म्हटलं, नको, पोरं आहेत, चालायचंच. रविवारी ती लेकाकडे पनवेलला जाणार आहे, तेव्हा नातीला समज देईल म्हणाली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याही हातून सुरुवातीला पुष्कळ मासे गेले आहेत.

मामाचे आशीर्वाद


खांदा कॉलनी
३ डिसेंबर २०२५

मामा,

आज मनस्वीची आई शाळेत आली होती. मोनाली. ती एका दवाखान्यात कामाला आहे, सातला घरी पोचते. नवरा उरणच्या बंदरात ट्रेलरवर असतो. घरी दोन वर्षांचा आर्यन आहे. संध्याकाळी शेजारच्या काकूंचं लक्ष असतं, पण त्याला वरणभात भरवते ती मनस्वी. दुसऱ्या कोणाच्या हातून तो खातच नाही.

मोनाली म्हणाली, "बाई, ती आता त्याला भरवत नाही. घास करते, त्याच्या तोंडापर्यंत नेते आणि हात मागे घेते. तो रडतो, तीही रडते. काल म्हणाली, माझ्या हाताने मासे मेले, तोपण मरेल."

आणि रविवारी भामाआजींनी घरी सगळं सांगितल्यावर बापाने तिला एक चापट मारली. शाळेचं नुकसान केलं म्हणून.

मोनालीने मला विचारलं, "नक्की काय झालं होतं हो त्या दिवशी?" मी म्हणाले, लहान आहे, विसरेल हळूहळू. ती गेली आणि मी वर्गात जाऊन खडूचा डबा उघडला नि तशीच उभी राहिले.

मामा, मी तुम्हाला खोटं लिहिलं.

पाणी मी दोन दिवस आधी भरलं नव्हतं. टाकी खोक्यातच पडून होती, पेपर तपासायचे होते. मंगळवारी सकाळी लवकर जाऊन मी ती शाळेच्या नळाने भरली. पाहुणे येणार म्हणून आदल्याच दिवशी शाळेची वरची टाकी धुतली होती, पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत होता. तो मला आला होता. दुकानदारानेही सांगितलं होतं, "मॅडम, आधी नुसती टाकी चालवा, मासे महिन्याने न्या." मी त्याला म्हणाले, तुम्ही पिशवी बांधा.

दुपारीच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मुलांना वाटलं, भूक लागली. मीच मनस्वीला बोलावलं. ती फार बोलत नाही, म्हणून मुद्दाम तिला मान दिला. म्हणाले, घाल चिमूटभर. तिने चिमूटभरच घातलं. मी बघत होते.

बुधवारी मोठ्या बाई वर्गात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे कशाने झालं?" पाहुण्यांनी आदल्याच दिवशी कौतुक केलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाणं जास्त पडलं बहुतेक." मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. पस्तीस मुलांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं, आणि तिने आपले हात बाकाखाली घेतले. ते मला दिसलं. तरी मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली.

तुम्ही भामाआजींना खरं काय ते सांगाल का? तुमच्या शब्दाला त्या मानतात. माझ्याने मोनालीसमोर बोलवत नाही.

किशोरी


आपटा
७ डिसेंबर २०२५

किशोरी,

तुझं पत्र वाचलं. राग तुझा आला, आणि माझाही. मी पाणी ओळखणारा माणूस. सहा गप्पी एका रात्रीत जात नाहीत हे मला माहीत होतं, मी तसं लिहिलंही, आणि तरी गंमत म्हणून ते भामाला सांगून आलो. ती चापट माझ्या जिभेने मारली.

माझ्या वाटणीचं मी फेडायला गेलो. भामाच्या ओटीवर बसून सांगितलं की पोरीची चूक नव्हती, मी न विचारता बोललो. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मना सांगून काय उपेग, भाऊ? मी काय पोरीची बाई हाय? पोर आमचं ऐकाची नाय. बाईंनी सांगलं तं ऐकल." मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "माशांचं पैसं भराला आमी गरीब नाय, पन पोरीला कोनी मारलेलं मना खपत नाय. माज्या लेकानंच मारली."

तेव्हा तुझ्या वाटणीचं मी सांगणार नाही. ते तुझं आहे. मोनालीला, मनस्वीला आणि ज्या वर्गाने माना वळवल्या त्या वर्गाला.

भामा बुधवारी पनवेलला येते आहे. तिच्याबरोबर बरणी पाठवतो. आत माझ्या जुन्या टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा आहे, टाकीच्याच पाण्यात. दिसायला घाण, पण त्यातच ते जीवाणू आहेत. वाळू देऊ नको, नळाखाली धुवू नको, तुझ्या फिल्टरमध्ये बसव. सोबत दोन कुप्या आहेत. पहिलीचे थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. दुसरीने अमोनिया कळतो, पाणी हिरवट होतं. दोन्ही वापरून झाल्यावर ते पाणी मोरीत ओत, टाकीत नको.

बरणी भामा तुझ्याच हातात देईल. मी तिला तसं सांगितलं आहे.

महादेव


खांदा कॉलनी
१४ डिसेंबर २०२५

मामा,

भामाआजी बरणी घेऊन शाळेच्या फाटकाशी आल्या. साडीच्या पदरात गुंडाळून आणली होती. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि रिक्षावाला मधेच हॉर्न वाजवत होता. माझं झाल्यावर म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाला भ्या वाटलं?" मी हो म्हणाले. "मंग तिला किती वाटलं असल," एवढंच बोलल्या, आणि बरणी दिली. संध्याकाळी त्यांच्याबरोबरच मोनालीच्या घरी गेले आणि तिलाही तेच सांगितलं. मोनालीने चहा केला, पण माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गाला सांगितलं. मोठ्या बाईंना आधीच विनंती करून बोलावलं होतं. मासे मी मारले, म्हणाले. पाणी मी घाईने भरलं, वास येत असताना भरलं. मनस्वीने मी सांगितलं तेवढंच खाणं घातलं होतं, आणि तुम्ही तिच्याकडे बघत होतात तेव्हा मी गप्प बसले.

मग प्रणित म्हणाला, "बाई, मग तुम्हाला कोण शिक्षा करणार?" मोठ्या बाई तडक बाहेर गेल्या.

मधल्या सुट्टीत मी मनस्वीजवळ बसले. तिने डबा उघडला नव्हता. म्हणाली, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता."

मामा, याची मला कल्पनाच नव्हती. मला वाटलं होतं, खरं बोलणं तेवढं अवघड, पुढचं सोपं.

मग तुमची कुपी आठवली. दोन पेले घेतले. एकात शाळेच्या नळाचं ताजं पाणी, दुसऱ्यात आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं. थेंब तिलाच टाकायला सांगितले. तिने नकारार्थी मान हलवली, म्हणून मी टाकले. नळाचं पाणी पिवळं झालं, बादलीतलं तसंच राहिलं. ती बराच वेळ दोन्हीकडे बघत होती.

"हे पाणी घातलं होतं?"

"हो, हेच."

"मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला भीती वाटली."

"कोणाची?"

"मोठ्या बाईंची. सगळ्यांची."

तिने पिवळ्या पाण्याचा पेला बाजूला सारला. डबा मात्र उघडला नाही.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. "हे मुलांसमोर सांगायची काय गरज होती? उद्या पालक आणखी काय काय विचारतील." टाकी अडगळीच्या खोलीत ठेवा म्हणाल्या. मी जानेवारीअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. आता टाकी भरली आहे, मुरवलेल्या पाण्याने. तुमचा स्पंज बसवलाय, फिल्टर चालू आहे. आत कोणी नाही. मनस्वी अजून आर्यनला भरवत नाही. पुढे काय करू?

किशोरी


आपटा
१८ डिसेंबर २०२५

चि. किशोरी,

पुढे असं. त्या जीवाणूंनाही खायला लागतं. मासे नसताना त्यांना उपाशी ठेवलंस तर मरतात. म्हणून रोज माशांच्या खाण्यातली चिमूट रिकाम्या टाकीत टाकायची. ती कुजते, अमोनिया होतो, त्यावर ते वाढतात. दर चार दिवसांनी थेंबांनी तपास. आधी हिरवं होईल, पाणी गढूळही दिसेल. घाबरू नको. एक दिवस असा येईल की खाणं टाकूनही थेंबांना हिरवा रंग चढणार नाही. तरी त्यानंतर आठवडाभर थांब.

चिमूट कोणी टाकायची ते तू ठरव. मी एवढंच म्हणतो, त्या टाकीत मरायला कोणी नाही.

मामाचे आशीर्वाद


खांदा कॉलनी
३ फेब्रुवारी २०२६

मामा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. रोज एक चिमूट, एवढंच.

मी वर्गाला सांगितलं की या टाकीत मासे नाहीत, पण मासे यायच्या आधी पाण्याला जेवू घालायचं असतं. सुरुवातीला मुलं हसली. दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीतून डोकावून विचारायची, "तुमचे मासे अदृश्य आहेत का?" प्रणितने घातलं, समृद्धीने घातलं. मनस्वी मागच्या बाकावरून बघायची. मी तिला बोलावलं नाही. मागच्या वेळी बोलावलं होतं.

नाताळच्या सुट्टीत मी स्वतः शाळेत जाऊन घालत होते. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी ती आपणहून उठून आली आणि म्हणाली, "आत खरंच कोणी नाही ना?" मी म्हणाले, दिसेल असं कोणी नाही. तिने डबीतून इतकं थोडं घेतलं की बोटांत होतं की नव्हतं कळेना. टाकलं, आणि मधली सुट्टी होईपर्यंत टाकीसमोरून हलली नाही. मी तो तास तिच्याशिवाय घेतला.

मग रोज तीच. पाणी गढूळ झालं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, गढूळ होईल असं लिहिलेलं. तिने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली, अक्षर लावत. पुढे थेंब हिरवे येत राहिले, मग फिके, आणि मकरसंक्रांतीनंतर एकदा रंग चढलाच नाही. तिने कुपी हलवून पुन्हा टाकायला लावले. तरी नाही. आणखी आठवडाभर थांबलो. तो आठवडा मला सगळ्यांत लांब गेला.

गेल्या मंगळवारी दोनच गप्पी आणले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाणी थोडं थोडं आत घेतलं, घाई केली नाही. मोठ्या बाई दारात उभं राहून बघून गेल्या. त्या दिवशी मनस्वीने खाणं घातलं नाही. "उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी घातलं. आठवडा झाला, दोन्ही मासे हुंदडतायत.

शनिवारी मोनाली भेटली. आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. म्हणाली, मनस्वी आर्यनला भरवायला लागली आहे. मात्र हाताने नाही, चमच्याने. आणि प्रत्येक घासाआधी वरणाला बोट लावून चव घेते. तो तोवर तोंड उघडून वाट बघतो. मोनाली हे सांगताना हसली. मला काही हसू आलं नाही.

पूर्वी शाळा सुटल्यावर मनस्वी फाटकापर्यंत माझं बोट धरून यायची. ते मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. आता येत नाही. पुढे कधी येईल का ते माहीत नाही, आणि ते मागायचा मला हक्क नाही.

आज टाकीतलं थोडं पाणी बदलायचा दिवस होता. मी बादली उचलली, तर ती उठून आली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "बाई, हे कधी भरलं?"

"काल दुपारी," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

तिने माझ्याकडे बघितलं, पेलाभर पाणी काढून घेतलं, आणि कुपीतले थेंब त्यात स्वतः टाकले. पाणी पिवळं होत नाही हे दिसेपर्यंत मी बादली हातात धरून उभी होते. मग ती म्हणाली, "घाला."

तुमची,
किशोरी